खेकड्यातली हवा

१

दुपारची भांडी विसळून झाली की दातवाले बायकोला गाडीत नेऊन बसवायचे.

दातवाले हे गल्लीने ठेवलेलं नाव. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर दारावरची पाटी काढली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची बायको शाळेत पी.टी.ची बाई होती. एके काळी तिच्या एका हाकेसरशी अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. आता पलंगापासून बाथरूमपर्यंत जायचं तरी वाटेत टेकायला खुर्ची ठेवावी लागत होती. फुप्फुसं कडक होत चालली होती. "भांडी घासायचा स्पंज उन्हात राहिला की कसा होतो, तसं समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग आता पुढे काय, असं दातवाल्यांनी विचारलं, तेव्हा त्या बराच वेळ पेनाला टोपण लावत बसल्या.

घरात ऑक्सिजनचं यंत्र होतं. ते सदानकदा घरघरायचं, तिच्या नाकात नळी असायची, आणि तरी बोटाला लावायच्या चिमट्यावरचा आकडा ऐंशीच्या घरातून हलायला तयार नसायचा.

गाडीत मात्र हलायचा.

गाडी म्हणजे दातवाल्यांचं म्हातारपणीचं खूळ. लाल रंगाची, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी जुनी स्पोर्ट्‌स कार. कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात पडलेली त्यांनी उचलून आणली होती. बायकोने पहिल्याच दिवशी तिचं नाव खेकडा ठेवलं. "यात बसायचं तर माणसाला आधी घडी घालता यायला हवी," ती म्हणाली होती आणि पुढे कधी तिने त्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

पण एकदा हॉस्पिटलात जायला टॅक्सी मिळेना, तेव्हा येता-जाता नाइलाजाने ती खेकड्यातच बसली. परतताना तिला गुदमरायला लागलं म्हणून दातवाल्यांनी ब्लोअर लावला. समोरच्या गोल जाळीतून अगदी बेताची, कुणी फुंकर घालावी तशी हवा आली. घर येईपर्यंत तिच्या ओठांवरचा निळसरपणा गेला होता.

"अहो," ती म्हणाली, "मघापासून मी न थांबता बोलतेय. लक्षात आलं का तुमच्या?"

त्यांच्या लक्षात केव्हाच आलं होतं. बोललं तर हातातून जाईल, म्हणून ते गप्प होते.

तेव्हापासून हा नेम पडला. इंजिन बंद, नुसता ब्लोअर चालू. ती तिच्या सीटवर बसून शब्दकोडं सोडवायची आणि ते शेजारी बसून तिला चुकीचे शब्द सुचवायचे. तासाभराने ती घरात परतायची तेव्हा भिंतीला हात लावायची गरज पडत नसे. रात्रीपर्यंत तो असर ओसरायचा, पण दुसऱ्या दुपारची आशा तरी असायची.

रड एकच होती. हवा कमी पडायची.

२

"जुन्या गाड्यांची बोंब असतेच ही," कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणाला. तो आणि दातवाले एकमेकांना बरीच वर्षं ओळखत होते. मिस्त्रीच्या वडिलांची कवळी दातवाल्यांच्याच हातची. "डॅशबोर्डमागे हवेचा डबा असतो, काका. त्यात झडपा. झडपांना फोम लावलेला असतो, त्याचा भुगा झाला की हवा भलतीकडेच जाते, तोंडावर येत नाही. नळ्या निखळतात. आणि सीटच्या मागे आतली हवा बाहेर जायची वाट असते, ती बुजली की पुढून कितीही जोर लावा, उपयोग शून्य. एकीकडची गेल्याशिवाय दुसरीकडची येत नाही."

दातवाले कामाला लागले. बारीक कामाची सवय असलेले हात, शिवाय आता त्या हातांना दुसरं कामही नव्हतं. बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेखाली जी जाळी असते तिच्या फटींतून त्यांनी हाताला येईल तेवढा कुजका पाचोळा उपसला. सीटमागच्या बुजलेल्या भोकांतून गालिच्याचे तुकडे ओढून काढले. झडपांना नवा फोम चिकटवला, घसरलेल्या नळ्या पट्ट्यांनी आवळल्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर हवा थोडी वाढायची आणि तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग चढायचा. एका आठवड्यात ती फाटकापर्यंत चालत गेली आणि शेजारणीला तिच्या कुंड्यांवरून चार शब्द सुनावून आली. त्या दिवशी दातवाल्यांनी मोरपंखी रंगाची साडी तिच्यासाठी कपाटातून काढून पलंगावर ठेवली. ती म्हणाली, "खेकड्यात बसायला साडी?" पण नेसली.

एके दिवशी बॅटरी उतरलेली वाटली, म्हणून त्यांनी ती सकाळीच काढून बाकावर चार्जिंगला लावली होती. दुपारी ते दुकानातून आले तर पलंग रिकामा. घाबरून गॅरेजमध्ये धावले. ती आपली आपण चालत येऊन खेकड्यात बसली होती, मांडीवर शब्दकोडं, डोळ्यांवर चष्मा.

"आज ब्लोअरचा आवाज नाही येत," ती म्हणाली. "बरं केलंत. फार करकर करायचा."

दातवाले दाराशीच उभे राहिले. बॅटरी बाकावर होती. गाडीतल्या दोन्ही वायरी मोकळ्या लोंबत होत्या. आणि बायकोच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते.

३

त्यांच्याकडे चावा तपासायचा कागद होता. नवी कवळी बसवली की दातांत धरायला देतात तो, निळा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. बायको आत जाऊन झोपल्यावर त्यांनी त्याची एक पट्टी तिच्या सीटसमोरच्या जाळीपुढे धरली.

पट्टी उचलली गेली. मग खाली आली. मग पुन्हा उचलली गेली.

बॉनेट उन्हाने तापलं असेल, त्यांनी विचार केला, गरम हवा वाट काढते. पण गाडी सकाळपासून सावलीत होती. मग वारा असेल. त्यांनी गॅरेजचं दार लावलं, फटीला पोतं सारलं, गाडीची दारं ओढून घेतली. आतली शांतता इतकी दाट झाली की स्वतःच्या मनगटातलं घड्याळ ऐकू येऊ लागलं. पट्टी उचलली गेली, खाली आली. वारा असा ठेक्यात येत नाही. आणखी एक गोष्ट होती, ती त्यांना उशिरा जाणवली. पट्टी कधीही जाळीकडे ओढली जात नव्हती. हवा यायची आणि थांबायची. परत जायची नाही.

त्यांनी नाक जवळ नेलं. हवा कोमट होती. लोकांच्या तोंडात डोकं घालून आयुष्य काढलेल्या माणसाला काही वास ओळखावे लागत नाहीत, ते आपोआप कळतात. हा वास नुकत्याच जाग्या झालेल्या, चूळ न भरलेल्या, पण निरोगी तोंडाचा होता. वयाने तरुण.

छे, ते स्वतःशी म्हणाले. सोडलेला श्वास म्हणजे वापरलेली हवा. वापरलेल्या हवेने आजारी माणूस बरा होत नसतो, उलट गुदमरतो. इतकं साधं शास्त्र आहे. म्हणजे हा श्वास नाही. म्हणजे दुसरं काहीतरी आहे आणि ते काय आहे ते आपल्याला समजलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

त्यांनी बॅटरी परत बसवली आणि ब्लोअर सुरू केला. करकर सुरू झाली. निदान त्या हवेला एक कारण तरी मिळालं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. चिऊ दुसऱ्या शहरात नोकरीला होती, एकटी राहायची, आणि आईची खुशाली विचारल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे.

"आई आज आपली आपण गॅरेजपर्यंत गेली," दातवाले म्हणाले.

"खरंच, बाबा?" मग ती थांबली. फोनमध्ये नुसता तिचा श्वास येत होता. "किती छान वाटलं ऐकून."

"तू धापा का टाकतेयस?"

"लिफ्ट बंद होती. जिने चढून आले. हल्ली दमायला होतं थोडं. तपासण्या केल्यात सगळ्या, काही नाही निघालं. तुम्ही आईकडे बघा."

ते आईकडे बघत होते. दुसरीकडे कुठे बघायला त्यांना सवडच नव्हती.

४

पुढच्या आठवड्यात बायकोला सर्दी झाली आणि आकडा एकदम घसरला. डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन तपासलं. बाहेरच्या खोलीत दातवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मुलीला कळवून ठेवा." दातवाल्यांनी मुलीला कळवलं नाही. त्यांनी मिस्त्रीला बोलावलं.

"बॉनेटवरच्या जाळीखालचं सगळं उघड," ते म्हणाले. "मला जास्त हवा पाहिजे. दुप्पट पाहिजे."

मिस्त्रीने वायपर काढले, जाळी काढली, हात कोपरापर्यंत आत घातला, आणि पाचोळ्याचा शेवटचा थर काढून आत टॉर्च मारला. बराच वेळ तो बघत राहिला.

"काका, इकडे या. हे बघा."

जिथून बाहेरची हवा डब्यात शिरायची, ते तोंड बंद होतं. त्यावर पत्रा ठोकून, कडेने झाळून, वरून डांबर फासलेलं होतं. काम जुनं होतं. डांबराला भेगा पडल्या होत्या, पण झाळ शाबूत होती.

"मागच्या मालकाचे उद्योग," मिस्त्री म्हणाला. "पण मग आत येते ती हवा येते कुठून? याला बाहेरून वाटच नाही." त्याने गाडीत वाकून डॅशबोर्डखालून एक नळी सोडवली आणि डब्यात हात घातला. मग त्याने तो सावकाश बाहेर काढला आणि पँटला पुसला. पुन्हा पुसला.

"आत ओल आहे," तो म्हणाला. "आणि ऊब." त्याने दातवाल्यांकडे पाहिलं नाही. "पत्रा कापून देतो. बाहेरची स्वच्छ हवा येऊ द्या. हे राहू देऊ नका."

"कापायचा नाही."

"काका—"

"तू पत्र्याला हात लावायचा नाहीस." दातवाल्यांचा आवाज चढला, तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "ती आत कशी झोपलीय ते बघून ये, मग मला शहाणपण शिकव. जे येतंय ते येऊ दे. फक्त वाया जाऊ देऊ नकोस. जिथे जिथे गळतंय ते सगळं बंद कर."

मिस्त्रीने सांधे बंद केले. काम चोख केलं, पण मान वर केली नाही. जाताना नेहमीसारखा चहालाही थांबला नाही. त्यानंतर दातवाल्यांनी त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणीतरी उचलून तो बाहेर गेलाय म्हणून सांगितलं.

त्या दुपारी जाळीतून आलेली हवा झुळझुळती नव्हती. ती बायकोच्या चेहऱ्यावर ओतल्यासारखी आली. तिने डोळे मिटले आणि सीटवर मान टाकली. "हं," ती म्हणाली, जसं तहानलेला माणूस पाण्याचा पेला खाली ठेवताना म्हणतो.

५

मग चांगले दिवस आले. सर्दी पळाली. ती जेवू लागली, भांडू लागली, दातवाल्यांच्या हातची भाजी बेचव असते हे तिला पुन्हा कळू लागलं. डॉक्टरीणबाईंनी चिमटा बदलून पाहिला, मग स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. "काय चमत्कार केलात?" त्यांनी विचारलं. दातवाले हसले. आपण शेवटचं कधी हसलो होतो ते त्यांना आठवेना.

आणि एका दुपारी हवा कमी झाली.

"आज जोर नाही," बायको म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अहो, अजून कमी झाली." तिच्या ओठांच्या कडा निळ्या दिसायला लागल्या. तिचा हात दातवाल्यांच्या मनगटावर आला आणि तिथेच आवळला गेला.

"काहीतरी अडकलं असेल. थांब, काढतो."

त्यांनी हत्यारांच्या खोक्यातून टॉर्च काढला आणि दांडीवरचा तो छोटा गोल आरसा घेतला, ज्याने ते मागच्या दाढा बघत. फोमचा भुगा घशात जाऊ नये म्हणून तोंडाला फडक्याचा मास्क बांधला. मधली एक जाळी फिरवून उपटली आणि आरसा तिरका करून आत सारला.

काळी नळी दिसली, तिच्या वळ्या दिसल्या, मग वळण. वळणाच्या पलीकडे डब्याची भिंत दिसायला हवी होती. तिथे एक उघडं तोंड होतं.

पहिल्यांदा त्यांना हायसंच वाटलं. आरसा आहे, आरशात आपलंच तोंड दिसणार. त्या वेडेपणावर ते हसलेसुद्धा. आरशातलं तोंड हसलं नाही. मग त्यांना गालावरचं फडकं जाणवलं. त्यांचं तोंड झाकलेलं होतं.

आरसा त्यांनी काढला नाही. जन्मभर जे केलं तेच ते करत राहिले, दात बघत राहिले. वरच्या ओळीत, मधल्या दातांच्या शेजारच्या दाताला टोपी बसवलेली होती आणि ती बाकीच्यांहून किंचित पिवळी होती. ती टोपी त्यांनीच बनवली होती. चिऊ शाळेत असताना सायकलवरून पडली, तेव्हा. रंग जुळला नव्हता आणि ते त्यांना वर्षानुवर्षं खात होतं. नवी करून देतो म्हणून ते मागे लागायचे, आणि ती म्हणायची, "राहू द्या बाबा, तुमची सही आहे ती."

ते तोंड श्वास सोडत होतं. सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं. आत मात्र घेत नव्हतं. प्रत्येक वेळी जीभ थोडी आणखी मागे जात होती.

"अहो, सापडलं का काही?" बायकोने डोळे मिटलेलेच विचारलं.

त्यांनी आरसा बाहेर ओढला. पुन्हा घातला तेव्हा तिथे नळी होती, वळण होतं, आणि डब्याची ओली काळी भिंत होती.

चिऊला फोन लावला तर अनोळखी आवाज आला. ऑफिसातली मैत्रीण होती. चिऊ बसल्या जागी खुर्चीवरून खाली घसरली, आत्ता झोपवलंय, डॉक्टर येतायत, काळजी करू नका. दातवाल्यांनी बायकोला दोन्ही हातांनी गाडीबाहेर काढलं. ती विरोध करत होती. ते तिला घरात घेऊन आले आणि यंत्राची नळी तिच्या नाकात घातली. थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला. या वेळी चिऊनेच उचलला.

"आता एकदम बरं वाटतंय, बाबा," ती म्हणाली. "काय झालं होतं, देव जाणे."

६

"ब्लोअर जळाला," त्यांनी बायकोला सांगितलं.

"मग दुसरा आणा."

"मिळत नाही. जुनी गाडी आहे."

उपटलेली जाळी परत बसवून त्यांनी चारही जाळ्यांच्या फटींतून नळ्यांत चिंध्या कोंबल्या, बोटाने रेटून, जशी दाताच्या खड्ड्यात चांदी भरतात तशी. गॅरेजला कुलूप लावलं.

ती झपाट्याने खचत गेली. आधी शब्दकोडं थांबलं, मग जेवण, मग बोलणं. मैदान गाजवणारी बाई दोन शब्दांनंतर थांबून छताकडे बघायची. तिने आयुष्यात नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता ती मागत होती. "एकदा... बसवा. ब्लोअर... नको. नुसतं." दातवाले तिच्या केसांवरून हात फिरवत. यंत्र घरघरत राही.

हा निव्वळ योगायोग आहे असं ते स्वतःला सांगायचे. चिऊला चक्कर आली, चक्कर कुणालाही येते. आरशात म्हातारे डोळे काहीही बघतात. मग एका सकाळी ते गॅरेजमध्ये गेले, चिऊला फोन लावला आणि ती कुठल्याशा साहेबाची नक्कल करून दाखवत असताना त्यांनी एका नळीतली चिंधी ओढून काढली.

"...आणि तो म्हणतो कसा," चिऊ सांगत होती, "मी तुमच्या... बाबा, एक मिनिट. एक..."

कोमट हवा त्यांच्या हातावर येत होती. त्यांनी चिंधी परत कोंबली.

"काय झालं गं?"

"काही नाही. गेलं. हां, तर काय सांगत होते?"

ते ऐकत राहिले, योग्य जागी हसले. फोन ठेवल्यावर ते खेकड्याच्या चाकाशी खाली बसले. त्यांना भय वाटलं ते त्या हवेचं नव्हतं. भयंकर हे होतं की त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. एकच जाळी उघडली तर? रोज थोडीशीच? चिऊ तरुण आहे, ती दमेल, पण रात्री झोपून भरून काढेल. तिला कळणारसुद्धा नाही. आईसाठी तिने स्वतःहून दिलं असतं, विचारलं असतं तर.

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. प्रत्येक फटक्याबरोबर दातवाले दचकत होते.

७

चिऊ न कळवता आली. डॉक्टरीणबाईंनीच तिला बोलावलं होतं. तिचे गाल भरलेले होते, ती पायऱ्या धडाधड चढत होती, आणि आईच्या पलंगाशी येऊन बसली तेव्हा त्या खोलीत तीच एक जिवंत वस्तू वाटत होती.

"गॅरेजमध्ये जाऊ नकोस," दातवाले तिला म्हणाले.

"का?"

"पत्रा गंजलाय. लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र बिघडलं. मोठा सिलिंडर आणायला दातवाले स्वतः गेले, कारण दुकानदार माणूस पाठवायला संध्याकाळ करणार होता. सिलिंडर टॅक्सीतून उतरवताना त्यांना दिसलं की गॅरेजचं कुलूप कडीला उघडं लटकतंय. किल्ली कुठे ठेवतात ते बायकोला ठाऊक होतं.

ते आत गेले.

खेकड्याच्या काचा वर होत्या, कडांना आतून धुकं धरलं होतं. त्यांनी कोंबलेल्या चिंध्या बायकोच्या पायाशी पडल्या होत्या, ओल्या, आतून कुणी ढकलून दिल्यासारख्या. बायको आपल्या सीटवर होती. तिचे गाल तांबूस होते. तिची छाती सावकाश, भरभरून वरखाली होत होती. असा श्वास तिने वर्षभरात घेतला नव्हता. ओढणीसारखे तिचे केस वाऱ्यावर उडत होते. शेजारी, स्टिअरिंगवर कपाळ टेकून, चिऊ. तिचं तोंड उघडं होतं. ओठ निळे. तिची पाठ हलत नव्हती.

दातवाल्यांनी दाराच्या मुठीला हात घातला.

आणि ते थांबले.

नंतर त्यांनी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. धक्का बसला होता, मूठ जाम होती, हात घामेजला होता. मूठ जाम नव्हती. ते बायकोच्या गालांकडे बघत होते. लग्नातल्यासारखा रंग होता. आणखी एक श्वास, त्यांच्या मनाने म्हटलं. हा एवढाच घेऊ दे तिला. तिने तो घेतला. मग त्यांनी त्यापुढचाही घेऊ दिला.

तिने डोळे उघडले.

काचेतून तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मुठीवरच्या हाताकडे पाहिलं. मग चिऊकडे वळली. चिऊच्या पाठीवर तळवा ठेवला, ठेवून राहिली. मग जाळीच्या जवळ कान नेला. पोर तान्ही असताना रात्री उठून ती असाच कान नेऊन बघायची.

तिने आपल्या समोरच्या जाळीचं चाक फिरवलं आणि जाळी मिटली. मधली एक मिटली. दुसरी मिटली. प्रत्येक जाळीसरशी तिच्या चेहऱ्यावरचा रंग कुणी पुसावा तसा उतरत होता. चौथी जाळी स्टिअरिंगच्या पलीकडे होती. तिथवर पोचायला तिला मुलीच्या पाठीवर आडवं व्हावं लागलं. तिची बोटं चाकावरून घसरली, पुन्हा लागली, आणि ते फिरलं.

चिऊने बुडता माणूस वर येताना घेतो तसा श्वास घेतला.

तेव्हा कुठे दातवाल्यांनी दार उघडलं. त्यांनी बायकोला उचलून छातीशी धरलं. ती कागदासारखी हलकी झाली होती. तिचे ओठ त्यांच्या कानाशी होते. रागाने नव्हे, घरात काही सांडलं की विचारायची त्याच सुरात तिने विचारलं, "दार उघडायला... इतका वेळ?"

सिलिंडर दाराबाहेरच राहिला. तो जोडायची वेळ आली नाही.

८

चिऊला फारसं काही आठवत नाही. आई हट्ट करत होती म्हणून नेऊन बसवलं, मग डोळा लागला, एवढंच. आई तिच्या आवडत्या जागी गेली, आपण शेजारी होतो, याचं तिला समाधान आहे. तिची तब्येत आता उत्तम असते. ती रोज फोन करते आणि फिरून फिरून तोच प्रश्न विचारते.

"बाबा, आई शेवटी काही बोलली का?"

"नाही गं," दातवाले म्हणतात. "दमली होती."

खेकडा त्यांनी विकला नाही. विकला तर त्यात पुढे कोण बसेल, हे त्यांना ठाऊक नाही. साच्यांचं पांढरं प्लास्टर घरात पोतंभर शिल्लक होतं, ते कालवून त्यांनी चारही नळ्यांत काठोकाठ ओतलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि मग गार पडतं. माप घेताना पेशंट दचकले की ते हेच सांगायचे: घाबरू नका, आत्ता गार होईल.

तीन जाळ्यांमधलं त्याच दिवशी गार पडलं. तिच्या सीटसमोरच्या जाळीतलं अजून पडलेलं नाही. दुपारची भांडी विसळून झाली की दातवाले जाऊन तिच्यावर हात ठेवतात. ते कोमट असतं, आणि हाताखाली किंचित ओलं.